चक्काजामात पायी इंदूर

इंदूरमध्ये ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नाही, त्यांचा सगळा दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी हातातल्या स्टिअरिंगवर अवलंबून असतो. एरवी हे जाणवत नाही. राजवाड्याच्या बाजूला उभे राहिले की थोड्याच वेळात एखादी मॅजिक व्हॅन समोर येऊन थांबते, आतले लोक सरकून जागा करतात, सुटे पैसे हातोहात पुढे जातात आणि गाडी निघते. ती कोण चालवत आहे, तो घरून किती वाजता निघाला, रात्री किती वाजता परतणार आहे, याचा विचार करण्याची वेळ प्रवाशावर येत नाही. २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ती आली, कारण गाडी चालवणारी माणसे गाड्यांतून उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती.

१ जानेवारीला सोमवार होता. नव्या भारतीय न्याय संहितेतल्या अपघातविषयक तरतुदीविरुद्ध देशात ठिकठिकाणी ट्रक, टँकर आणि बसचालकांनी काम थांबवले होते आणि मध्य प्रदेशात त्या संपाची झळ फार बसली. आमच्याकडे बाहेरगावच्या बस सुटेनात, शहरातल्या बस आणि व्हॅन जवळजवळ दिसेनाशा झाल्या, शेजारच्या मुलांची शाळेची बस आली नाही. मी मल्हारगंजात राहते आणि गीता भवनाजवळच्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. मला वाहन चालवता येत नाही, आणि तिमाही नुकतीच संपलेली असल्यामुळे घरी बसणेही शक्य नव्हते. स्वेटरवर शाल गुंडाळली, डबा घेतला आणि चालत निघाले.

मल्हारगंजातून राजवाडा, पुढे कृष्णपुऱ्याचा पूल, गांधी हॉल, शास्त्री पूल, रीगल आणि मग एम. वाय. रुग्णालयाच्या अंगाने गीता भवन असा तो रस्ता आहे. सव्वा-दीड तास लागतो. राजवाड्याच्या आसपासचे शहर चालणाऱ्या माणसाला परके वाटत नाही. घर, देऊळ, दुकान, शाळा आणि दवाखाना एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावेत, अशा रीतीने ते वाढलेले आहे. होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ मध्ये शहराचा मोठा अहवाल दिला होता, आणि दाट वस्त्या पाडून त्यांतून सरळ रुंद रस्ते काढण्यापेक्षा गल्लीगल्लीत शिरून आवश्यक तेवढीच दुरुस्ती करावी, असा त्याचा आग्रह होता. सराफ्याजवळच्या बोळांतून जाताना त्याचे म्हणणे मला फार पटते. शास्त्री पुलापलीकडचे शहर मात्र वाहनांच्या भरवशावर पसरले. विजयनगर, बायपास, सुपर कॉरिडॉर या भागांत काम करणाऱ्या माणसाचे घर आणि त्याचे काम यांच्यात आठ-दहा किलोमीटरचे अंतर सहज पडते. ज्याला दुचाकी परवडते त्याला ते अंतर वाटत नाही. ज्याला परवडत नाही त्याचे अंतर रोज कोणीतरी चालक कापून देत असतो.

त्या सकाळी रस्त्यावर माझ्यासारखे पुष्कळ लोक होते आणि त्यांत बायका जास्त होत्या. बडा गणपतीकडून पलासियाच्या बंगल्यांत स्वयंपाकाला जाणारी एक बाई कृष्णपुऱ्यापासून रीगलपर्यंत माझ्याबरोबर चालली. तिला तीन घरी पोचायचे होते. पहिल्या घरी उशीर झाला की पुढची दोन्ही घरे बिघडतात, आणि फोनवर मालकिणीला संपाचे कारण सांगितले तर पलीकडून ‘रिक्षा करून या’ असे उत्तर येते, हे तिने चालता चालता सांगितले. ई-रिक्षा अधूनमधून जात होत्या, पण नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पैसे मागत होत्या, आणि तेवढे पैसे दिले तर त्या दिवसाच्या कमाईतले तिच्या हातात काय उरणार होते? माझा उशीर कार्यालयाने समजून घेतला. तिचा उशीर कोणी समजून घेतला की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. ज्याचा पगार महिन्याला ठरलेला आहे आणि ज्याचे काम एका सकाळीत जाऊ शकते, अशा दोन माणसांवर एकच संप सारख्या वजनाने पडत नाही.

कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ व्हॅनचालकांचा एक घोळका उभा होता. त्यांतला एक माझ्या रोजच्या ओळखीचा. मी थांबले तेव्हा त्याने आधी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिले आणि आज चालावे लागत असल्याबद्दल खंत व्यक्त केली. मग मी विचारले, भय्या, हे नेमके कशासाठी? त्याचे उत्तर सरळ होते. अपघात झाला की सगळ्यांत आधी गर्दी येते, पोलीस नंतर येतात. गाडी मोठी असेल तर चूक मोठ्या गाडीचीच, हे गर्दीने आधीच ठरवलेले असते. थांबलो तर जिवंत राहू याची खात्री नाही, आणि निघून गेलो तर आता दहा वर्षे तुरुंग. शिवाय सात लाखांचा दंड, असे त्याच्या बाजूला उभा असलेला एक तरुण म्हणाला, आणि सात लाख हा आकडा उच्चारताना त्याचा आवाज चढला.

घरी आल्यावर मी ती तरतूद शोधून वाचली. संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमात असे म्हटले आहे की, बेदरकार आणि निष्काळजी वाहन चालवून कोणाचा मृत्यू घडवल्यावर, घटनेनंतर लवकरात लवकर पोलीस अधिकाऱ्याला किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता जो पळून जाईल, त्याला दहा वर्षांपर्यंतची कैद आणि दंड होऊ शकतो. सात लाखांचा उल्लेख कलमात कुठेही नाही. दंडाची रक्कम त्यात दिलेलीच नाही. तो आकडा तोंडातोंडी फिरत देशभर गेला होता. त्याच्या मागची भीती मात्र खरी होती. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ कलमात निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती, तिथून दहा वर्षांवर झेप घेतली गेली होती, आणि ज्यांच्यावर ती पडणार त्यांना ती समजावून सांगायला कोणीही त्यांच्या स्टँडवर गेले नव्हते. २५ डिसेंबर २०२३ रोजी नव्या संहितेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि आठवडाभरात गाड्या उभ्या राहिल्या.

दुसरी बाजूही मी नजरेआड करू शकत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली तीस हजारांहून अधिक अशा अपघातांत गेली, ज्यांत धडक देणारे वाहन थांबलेच नाही. त्यांतल्या काही जणांना वेळेवर उचलून कोणी रुग्णालयात नेले असते तर ते वाचले असते. पळून जाणाऱ्याला कडक शिक्षा व्हावी असे त्यांच्या घरच्यांना वाटले तर त्यात गैर काहीच नाही. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ वाचल्यावर मला वेगळा रस्ता दिसतो. त्या कलमाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर घातले आहे आणि त्याला एक अपवादही दिला आहे: जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल तर. अशा वेळी त्याने जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि काही झाले तरी चोवीस तासांच्या आत, घडलेला प्रकार कळवायचा असतो. पुलाजवळ उभा असलेला माणूस ज्या गर्दीबद्दल बोलत होता, ती गर्दी कायद्याला पस्तीस वर्षांपूर्वीच माहीत होती. नव्या कलमातही पोलिसांना कळवणाऱ्यावर दहा वर्षांची टांगती तलवार नव्हती. एवढे जरी प्रत्येक आगारात आणि स्टँडवर चालकांच्या भाषेत कोणी बसून सांगितले असते, तरी त्या घोळक्यातल्या निम्म्या चेहऱ्यांवरचा ताण उतरला असता असे मला मनापासून वाटते.

एम. वाय. रुग्णालयासमोर पोचले तेव्हा मला माझ्या पायांचे दुखणे सांगण्याची लाज वाटू लागली. या रुग्णालयात केवळ इंदूरचे रुग्ण येत नाहीत. खरगोन, बडवानी, धार, झाबुआ, अलिराजपूर अशा निमाड आणि आदिवासी पट्ट्यातल्या जिल्ह्यांतून लोक बसने येतात आणि बसनेच परत जातात. फाटकाबाहेर एक कुटुंब पिशव्या, पातेली आणि गोधड्या घेऊन बसले होते. म्हाताऱ्या बाईंना आदल्या दिवशी सुटी मिळाली होती आणि खरगोनकडची बस मिळत नव्हती. मुलगा शहरात कोणाला ओळखत नव्हता. एका जीपवाल्याने सांगितलेला आकडा त्याने मला सांगितला तेव्हा तो माझ्याकडे पैसे मागत नव्हता, आकडा बरोबर आहे का एवढेच विचारत होता. समोरच्या टपरीवाल्याने त्यांना चहा दिला होता आणि दुपारपर्यंत त्याच्या छपराखाली बसायला सांगितले होते. मी डब्यातल्या पोळ्या त्यांना दिल्या आणि पुढे गेले. संध्याकाळी परतताना ते तिथे नव्हते. कोणत्या गाडीने आणि किती पैसे देऊन गेले, हे टपरीवाल्यालाही ठाऊक नव्हते.

संध्याकाळपर्यंत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. टँकर थांबले, आता पेट्रोल संपणार, ही बातमी पसरताच ज्यांच्या टाक्या अर्ध्या भरलेल्या होत्या तेही रांगेत येऊन उभे राहिले. शहराला इंधन पुरवणारा डेपो मांगलियाला आहे. मुंबईहून मनमाडमार्गे येणारी तेलवाहिनी तिथपर्यंत पोचते, म्हणजे शेकडो किलोमीटर अंतर पेट्रोल जमिनीखालून चालक नसताना येते आणि तिथून पंपापर्यंतच्या शेवटच्या काही किलोमीटरांसाठी त्याला एका माणसाची गरज लागते. आमच्या वाड्यातल्या काकांना स्कूटर घेऊन रात्री उशिरापर्यंत रांगेत उभे राहावे लागले. एरवी माझ्या पायी चालण्याबद्दल त्यांना कीव वाटायची. त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा मला विचारले, की रोज तुम्ही ज्या व्हॅनने जाता त्या व्हॅनवाल्यांना महिन्याचे मिळते तरी किती?

मला उत्तर माहीत होते, कारण त्या ओळखीच्या चालकाशी माझे पूर्वी बोलणे झाले होते. महिन्याचे असे काही नसतेच. गाडी मालकाची, रोज त्याला ठरलेली रक्कम द्यायची, इंधन आपले भरायचे आणि उरेल ते आपले. म्हणून भरलेली व्हॅनसुद्धा चौकात थांबून आणखी एका प्रवाशाची वाट पाहते आणि आत बसलेले आम्ही सगळे त्याच्यावर चिडतो.

त्याच रात्री सनावदहून आत्याचा फोन आला. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले होते आणि तपासणीसाठी तिला इंदूरला यायचे होते. ‘अगं, बस नाही आणि रेल्वेही नाही, मी येऊ कशी?’ असे ती म्हणाली, आणि मला त्या वाक्याने संपापेक्षा जास्त अस्वस्थ केले. ही रेल्वे आमच्या शहराच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट. खंडवा ते इंदूर लोहमार्गासाठी महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० च्या सुमारास एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. नर्मदा ओलांडून, चोरलच्या खोऱ्यातून, पातालपाणीचा घाट चढून ती गाडी महूला येत असे. लहानपणी कालाकुंड स्टेशनवर पानात मिळणारा कलाकंद खाल्ल्याशिवाय आमचा सनावदचा प्रवास पुरा होत नसे. लोहमार्गाच्या रुंदीकरणाच्या कामासाठी महू ते ओंकारेश्वर रोड ही उरलेली मीटरगेज गाडीही २०२३ च्या सुरुवातीला बंद झाली. रुंदीकरण हवेच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण ते पुरे होईपर्यंत या पट्ट्यातल्या माणसाला खासगी बसशिवाय दुसरा आधार उरला नव्हता, आणि तो आधार थांबला तेव्हा सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरची आत्या एकदम परदेशी असल्यासारखी दूर गेली.

खासगी बस म्हणण्याचे कारण असे, की मध्य प्रदेशाने आपले राज्य परिवहन महामंडळ २००५ मध्येच गुंडाळले. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही. गावोगावी लाल एस.टी. जाते हे त्यांनी गृहीत धरलेले असते. आमच्याकडे सरवटे बसस्थानक आहे. संविधान सभेचे सदस्य असलेल्या तात्या सरवटे यांचे नाव त्याला दिलेले आहे, आणि तिथून सुटणाऱ्या गाड्यांवर वेगवेगळ्या मालकांची नावे असतात. महामंडळ तोट्यात होते, त्याच्या गाड्या जुन्या झाल्या होत्या, हे खरे. तरीही संप झाला असता तर वाटाघाटीला बसणारा एक मालक आणि एक संघटना समोरासमोर असती. २०२४ च्या जानेवारीत सनावदच्या प्रवाशाने कोणाकडे जायचे होते? बसमालक म्हणत होते, चालक येत नाहीत. चालकांचा राग कायद्यावर होता. सरकारच्या नावाची बसच रस्त्यावर नव्हती.

शहरातली व्यवस्था २००५ च्याच सुमारास नव्याने उभी राहिली. महामंडळ बंद झाले त्याच वर्षी महापालिका आणि विकास प्राधिकरण यांनी मिळून सिटी बससाठी कंपनी स्थापन केली, २००६ मध्ये बस धावू लागल्या आणि २०१३ मध्ये ए.बी. रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशी साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखीव, मार्गिका आली. मी तिच्या पहिल्या दिवसांतली प्रवासी आहे. ठरलेल्या जागी थांबणारी, दार आपोआप उघडणारी, रात्री एकटीने बसता येईल अशी ती बस मला फार मोलाची वाटायची. कंपनी मार्ग, भाडे आणि थांबे ठरवी. बस चालवायला खासगी कंत्राटदार असत आणि चालक त्यांचे नोकर. या पद्धतीने पुष्कळ काही साधले, हे मी प्रवासी म्हणून मान्य करते. तिच्यात चालकाची जागा मात्र करारातल्या एका खर्चाच्या बाबीपुरती राहिली. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले येणाऱ्या या शहराने सफाई कामगारांना ‘सफाईमित्र’ म्हटले, त्यांचे सत्कार केले, शाळांतल्या मुलांना त्यांच्याबद्दल सांगितले. त्याचा आम्हा सगळ्यांच्या वागण्यावर परिणाम झाला, तो मी माझ्या गल्लीत पाहिला आहे. चालकांच्या बाबतीत असे काही घडलेले मी अजून पाहिलेले नाही.

२ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांच्या संघटनेची बैठक झाली, चर्चेशिवाय ती तरतूद लागू करणार नाही असे आश्वासन मिळाले आणि गाड्या हळूहळू सुरू झाल्या. पुढे १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली, तेव्हा १०६ चे दुसरे उपकलम स्थगितच ठेवले गेले. आत्या त्या आठवड्याच्या शेवटी आली. शहर आपल्या नेहमीच्या घाईत परतले आणि संपाच्या गोष्टी पेट्रोलच्या रांगेपुरत्या उरल्या.

त्यानंतर बरेच बदलले. बीआरटीएसची मार्गिका काढून टाकायला उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता दिली. मला त्याचे वाईट वाटले आणि अजून वाटते. ३१ मे २०२५ रोजी सुपर कॉरिडॉरवर मेट्रोचा पहिला छोटा टप्पा सुरू झाला. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली. वीस वर्षांनी राज्य पुन्हा बससेवेची जबाबदारी घेत आहे, याचा मला खराच आनंद झाला. याही योजनेत बस खासगी मालकांच्या असतील आणि वरून देखरेख सरकारी कंपनीची. म्हणून यात चालक कोणाचा, त्याचे तास किती, त्याला कायमचे वेतन कोण देणार, हे करार होण्याआधी ठरायला हवे. मोटार परिवहन कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले होते. रात्री मुक्काम असेल तिथे विश्रांतीची खोली सांगितली होती. या गोष्टी नवीन मागायच्या नाहीत, जुन्याच पाळून घ्यायच्या आहेत.

एवढे सगळे मी एका पत्रात लिहिले: ठरलेले वेतन, ठरलेले तास, विश्रांतीची खोली, अपघात झाल्यावर चालकाने काय करायचे याचे दर वर्षी प्रशिक्षण, आणि जमाव जमल्यास त्याने लगेच फोन करावा असा एकच क्रमांक. पाठवण्यापूर्वी ते कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ भेटलेल्या त्या चालकाला वाचून दाखवले, कारण त्याच्या वतीने मी काही चुकीचे मागू नये असे मला वाटत होते. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, दीदी, विश्रांतीच्या खोलीच्या आधी शेवटच्या थांब्यावर शौचालय आणि पिण्याचे पाणी मागा, सकाळी निघालो की रात्रीपर्यंत त्याचीच अडचण असते. ती मागणी मी सगळ्यांत वर लिहिली आणि पत्र पाठवले.